सुधारणा, पगारवाढ आणि शिक्षा : तीन कामं, एक फाइल

मार्च संपत आला की वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा इथल्या कंपन्यांमध्ये एकच विषय असतो : अप्रेझल. ज्या साहेबानं वर्षभर कामाबद्दल धड चार वाक्यं सांगितली नाहीत, तो अर्ध्या तासात बारा महिन्यांचा हिशेब मांडतो. समोरचा मान डोलावतो, फॉर्मवर सही करतो आणि बाहेर पडताना आकडा किती पडला एवढंच बघतो. साहेबांनी सांगितलेलं खरं होतं की तोंडदेखलं, याचा विचार करायला त्याला उसंत नसते. पुढच्या मार्चपर्यंत दोघंही गप्प.

हे कुठेही घडतं, पण छत्रपती संभाजीनगरसाठी हा प्रश्न आज जास्त निकडीचा आहे. रेल्वे स्टेशन आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींपाठोपाठ १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या युनिट्सचं जाळं त्याच्याभोवती विणलं गेलं. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक यांच्यासारख्या कंपन्या इथून वाढत परदेशात पोचल्या. २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडा आली. २०१९ मध्ये शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक शहराचं लोकार्पण झालं आणि २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. यंत्र चालवणारे हात या शहरानं चाळीस वर्षांत उत्तम घडवले. माणसं सांभाळणाऱ्यांचं काय? आयटीआय करून लागलेला ऑपरेटर काही वर्षांनी सुपरवायझर होतो, डिप्लोमावाला शिफ्ट इनचार्ज होतो. नव्या मशीनचं ट्रेनिंग त्याला मिळतं. हाताखालच्या माणसाला चूक कशी सांगायची आणि त्याच्याकडून आपली चूक कशी ऐकायची, हे मात्र तो आधीच्या साहेबाकडे बघून शिकतो. आधीचा साहेब ओरडणारा असेल तर हाही ओरडतो. तो भिडेपोटी गप्प राहणारा असेल तर हाही मूग गिळून बसतो.

या विषयावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सहसा बोलण्याचं तंत्र शिकवतात : शब्द कसे निवडावेत, आवाज कसा ठेवावा, आधी कौतुक करावं की नंतर. गेल्या साठेक वर्षांतलं संशोधन, आपल्याकडची सरकारी आणि कारखान्यातली पद्धत आणि इथल्या समाजाची घडण एकत्र पाहिली की वेगळंच दिसतं. अडचण जिभेपेक्षा फायलीत आहे. माणसाला सुधारायला मदत करणं, त्याचा पगार ठरवणं आणि त्याच्यावर कारवाई करणं, ही तीन कामं आपण एकाच फायलीत आणि बहुतेकदा एकाच बैठकीत कोंबली आहेत. ती वेगळी होत नाहीत तोवर कितीही गोड किंवा कितीही स्पष्ट बोललं, तरी समोरचा ते सुधारणेसाठी ऐकणार नाही. तो स्वतःला वाचवण्यासाठी ऐकेल.

सांगितलं की सुधारतो?

आपण चूक दाखवली की माणूस सुधारतो, असं बहुतेक साहेब धरून चालतात. अवराहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये तोवरच्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र करून हा समज तपासला. सरासरीनं फीडबॅकचा फायदा होतो, हे खरं निघालं. पण एक तृतीयांशाहून जास्त निष्कर्षांत फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरली होती. त्यांनी दिलेलं कारण शॉप फ्लोअरवर उभ्या राहिलेल्या कुणालाही पटेल. बोलणं कामावर राहिलं तर माणूस कामाकडे बघतो. ते ‘तू कसा आहेस’ यावर घसरलं की त्याचं सगळं लक्ष स्वतःची इभ्रत राखण्यात जातं आणि काम बाजूला पडतं.

त्याच्या तीस वर्षं आधी, १९६५ मध्ये, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मेयर, के आणि फ्रेंच या तिघांनी वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकींत नेमकं काय घडतं ते पाहिलं. टीका वाढली की बचाव वाढत होता. ज्या मुद्द्यांवर सर्वांत जास्त टीका झाली, त्यांतच पुढे सर्वांत कमी सुधारणा दिसली. कौतुकाचाही फारसा परिणाम होत नव्हता, कारण ऐकणारा त्याच्या मागून येणाऱ्या ‘पण’ची वाट पाहत असायचा. दोघांनी मिळून ठोस उद्दिष्ट ठरवलं तिथे मात्र सुधारणा झाली. पगाराचा निर्णय आणि सुधारणेची चर्चा एका बैठकीत आणू नका, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. साठ वर्षं झाली, आणि आपल्याकडच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आजही दोन्ही एकाखाली एक छापलेलं असतं.

गुणांकनाची स्थिती तर आणखी नाजूक आहे. स्टीव्हन स्कलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ४,४९२ व्यवस्थापकांना मिळालेले गुण तपासले. प्रत्येकाला दोन वरिष्ठांनी, दोन सहकाऱ्यांनी आणि हाताखालच्या दोघांनी गुण दिलेले होते. गुणांमधल्या फरकाचा ६२ टक्के भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या दृष्टीचा होता. प्रत्यक्ष कामगिरीचा वाटा २१ टक्के होता. म्हणजे पाचपैकी तीन मिळाले, तर त्या तिनात आपल्यापेक्षा आपले साहेबच जास्त असतात. असा आकडा पगाराशी बांधून वर तो प्रामाणिक फीडबॅक म्हणून पुढे केला, तर कर्मचाऱ्याला ‘मर्जीतल्यांचं चांगभलं’ असं वाटणारच, आणि त्यात त्याची फार मोठी चूक नसते.

प्रशिक्षण शिबिरांत हमखास सांगितली जाणारी दोन सूत्रंही इथेच तपासून घेऊ. एक, दोन कौतुकांच्या मधोमध टीका ठेवावी. लोक दुसऱ्याच खेपेला ही चाल ओळखतात आणि मग खऱ्या कौतुकावरही विश्वास ठेवत नाहीत. दुसरं, एका टीकेमागे तीन कौतुकं असं गणिती प्रमाण. ते ज्या गणितावर उभं होतं, ते निक ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी २०१३ मध्ये साफ चुकीचं असल्याचं दाखवलं. कौतुक जरूर करावं, पण ते खरं असेल तेव्हा आणि नेमकं. मोजून मापून केलेलं कौतुक म्हणजे खुशामत, मग ती वरून खाली का असेना.

गोपनीय अहवालाचा धडा

या प्रश्नाची सर्वांत जुनी आणि बोलकी नोंद आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांत आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचं विभागीय आयुक्तालय या शहरात आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, विद्यापीठ आहे. इथल्या हजारो कर्मचाऱ्यांच्या आयुष्यात ‘सीआर’ म्हणजे गोपनीय अहवाल ही दोन अक्षरं किती मोठी आहेत, हे वेगळं सांगायला नको. प्रतिवेदन अधिकारी लिहिणार, पुनर्विलोकन अधिकारी त्यावर मत देणार. आणि कित्येक दशकं, शेरा प्रतिकूल असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवला जायचा. बाकीचं बंद लखोट्यात.

त्यातून काय अन्याय होऊ शकतो, हे देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात देशासमोर आलं. सीमा रस्ते संघटनेतल्या या कार्यकारी अभियंत्याच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. पदोन्नतीसाठी सलग पाच वर्षं ‘खूप चांगला’ हवा होता. ‘चांगला’ हा प्रतिकूल नाही म्हणून तो कळवलाच गेला नाही, आणि त्याच शेऱ्यानं पदोन्नती अडली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अहवालातली प्रत्येक नोंद, मग ती कशीही असो, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

या निकालानं लखोटा उघडला, ही मोठी गोष्ट झाली. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याला ते कळलंच पाहिजे, हे विश्वासाचं पहिलं पाऊल कायद्यानं टाकलं. पण नोंद उघड झाली तरी तिच्यावर पदोन्नती टांगलेलीच राहिली. मग वरिष्ठानं खरं लिहिलं तर वाद, अपील आणि शेवटी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’. मॅटचं खंडपीठ याच शहरात आहे. या कटकटीपेक्षा सगळ्यांनाच वरचा शेरा देऊन मोकळं होणं सोपं. पूर्वी खरं लिहून ते लपवता येत होतं, आता दाखवावं लागतं तर खरं लिहिण्याचीच टाळाटाळ होते. पारदर्शकता आली म्हणून प्रामाणिकपणा आपोआप आला नाही, कारण सुधारणेचं आणि बढतीचं काम एकाच कागदावर राहिलं.

कारखान्यात हीच जागा शोकॉज नोटिशीची. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यापासून चालत आलेल्या शिस्तीच्या प्रक्रियेत आधी नोटीस, मग चार्जशीट, मग अंतर्गत चौकशी असा क्रम रुळला आहे. कामगाराला बाजू मांडायची संधी मिळावी म्हणून हा क्रम आवश्यकच आहे. पण त्यामुळे कामगाराच्या मनात एक गोष्ट पक्की बसली : साहेबानं काही लिहून घेतलं म्हणजे केस तयार होतेय. त्यात सुपरवायझरनं भल्यासाठी जरी चूक वहीत टिपली, तरी कामगार युनियनच्या प्रतिनिधीकडे आधी जातो आणि सुपरवायझरकडे नंतर येतो. त्याला दोष देता येत नाही. अनुभवानं त्याला तेच शिकवलं आहे.

मुंबईत झालेला प्रयोग

यावरचा उपाय परदेशातून आणावा लागतो असंही नाही. १९७४-७५ मध्ये लार्सन अँड टुब्रो या मुंबईच्या कंपनीनं आपली मूल्यमापनाची पद्धत तपासायला अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांना बोलावलं. ‘फॉर्म बदलून द्या’ एवढीच अपेक्षा असती, तर काम दोन महिन्यांत संपलं असतं. या दोघांनी सांगितलं की कामगिरीचं मूल्यमापन, माणसाची पुढची क्षमता ओळखणं, त्याच्याशी समुपदेशनाच्या अंगानं बोलणं आणि त्याच्या पुढच्या वाटचालीची आखणी ही वेगवेगळी कामं आहेत. ती एकमेकांना जोडलेली असावीत, पण एकात एक मिसळलेली नसावीत. त्यातून एल अँड टीमध्ये मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि भारतात ‘एचआरडी’ ही शाखा रुजली.

पारीक यांनी पुढे संस्थेच्या वातावरणाची तपासणी करण्यासाठी आठ मूल्यांची चौकट मांडली. त्यात मोकळेपणा, प्रश्नाला थेट भिडणं आणि विश्वास ही तीन मूल्यं शेजारी शेजारी आहेत. ती क्रमानं येत नाहीत, एकमेकांच्या आधारानं वाढतात. आधी विश्वास येऊ द्या, मग खरं बोलू, असं म्हणत बसलं तर दोन्ही येत नाहीत. दुःख एवढंच की एल अँड टीनंतर अनेक कंपन्यांनी विभागाचं नाव उचललं आणि मूळ सल्ला सोडून दिला. पर्सोनेल डिपार्टमेंटच्या दारावर एचआरची पाटी लागली, आत फाइल तीच राहिली.

एका शिफ्टमधली पाच मिनिटं

हे सगळं जमिनीवर कसं दिसतं ते पाहू. ॲल्युमिनियमचे भाग ओतणारं एखादं डाय-कास्टिंगचं युनिट, सेकंड शिफ्ट. संध्याकाळी सातनंतरच्या पेट्यांमधल्या तुकड्यांत ब्लोहोल निघतात, रिजेक्शन वाढतं. शिफ्ट इनचार्ज मशीनजवळ येतो आणि चार जणांदेखत विचारतो, “लक्ष कुठं असतं तुझं? मोबाइल बघत बसला असशील.” ऑपरेटर खाली मान घालतो. “हो सर, बघतो.” रिजेक्शन कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग.

आता तोच इनचार्ज त्याला बाजूला घेतो, हातात दोन तुकडे देतो आणि म्हणतो, “हा सहाच्या पेटीतला, हा साडेसातच्या. सहापर्यंत माल चांगला होता. साडेसातच्याला इथं हवा अडकलीय, म्हणजे फवारणी जास्त होत असावी. काय बदललं मधे?” ऑपरेटर क्षणभर थांबतो. मग सांगतो, “साहेब, डाय चिकटायलाय. पीस सुटत नाही म्हणून जास्त मारतोय फवारा. मेंटेनन्सला दोनदा सांगितलं पाण्याची लाइन बघा म्हणून.”

पहिल्या बोलण्यात सत्य नव्हतंच, फक्त राग होता. दुसऱ्या बोलण्यात इनचार्जनं चूक लपवली नाही. फवारणी जास्त होतेय, हे तो तोंडावर बोलला. पण पुरावा हातात दिला, माणसाबद्दल न बोलता तुकड्याबद्दल बोलला आणि शेवटी खराखुरा प्रश्न विचारला. म्हणूनच त्याला जे माहीत नव्हतं ते कळलं : डायला गार ठेवणारी पाण्याची लाइन तुंबली आहे. अर्धं सत्य साहेबाकडे होतं, अर्धं ऑपरेटरकडे. दोन्ही अर्धी जुळवण्यासाठीच हे बोलणं असतं.

आणि खरी परीक्षा त्यापुढे आहे. इनचार्ज आता काय करतो? तो मेंटेनन्सला फोन लावून त्याच शिफ्टला लाइन साफ करून घेतो, तर उद्या ऑपरेटर न विचारता सांगायला येईल. “बरं, बघू” म्हणून निघून गेला, तर कितीही छान बोलला असला तरी ते बोलणं फुकट गेलं. खरं सांगितल्यावर काहीतरी हललं, हे ज्यानं एकदा पाहिलं तो पुन्हा सांगतो.

विश्वास म्हणजे नेमकं काय?

मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांनी १९९५ मध्ये विश्वासाची जी मांडणी केली ती आजही सर्वमान्य आहे. माणूस तीन गोष्टी जोखून वरिष्ठावर विश्वास टाकतो : याला काम कळतं का, याला माझं भलं हवंय का आणि हा शब्दाला जागतो का. आपल्याकडचे बरेच साहेब पहिलीत पक्के असतात. यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखतात. दुसरी आणि तिसरी मात्र गृहीत धरली जाते. ‘मी ओरडतो ते त्याच्या भल्यासाठीच’ हे साहेबाला माहीत असतं, पण ऐकणाऱ्याला ते कृतीतून दिसलेलं नसतं.

एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंमध्ये औषधं देताना चुका कमी होतील, असा त्यांचा कयास होता. आकडे उलटे आले : चांगल्या चमूंमध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, उघडपणे सांगितल्या जात होत्या. ज्या वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेची धास्ती होती, तिथे चुका लपत होत्या. म्हणून ‘माझ्या लाइनवर काहीच प्रॉब्लेम नाही’ असं वर्षभर ऐकणाऱ्या मॅनेजरनं खूश होऊ नये. त्याला कुणी काही सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ असण्याची शक्यता जास्त. मिलिकेन, मॉरिसन आणि ह्यूलिन यांनी २००३ मध्ये ४० कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा ८५ टक्के लोकांनी सांगितलं की महत्त्वाची गोष्ट माहीत असूनही निदान एकदा तरी ती साहेबाला सांगायची हिंमत झाली नाही.

गुणवत्तेचे आचार्य एडवर्ड्स डेमिंग यांनी १९८६ च्या पुस्तकात व्यवस्थापनाची चौदा सूत्रं दिली. त्यांतलं आठवं, भीती हाकलून लावा. त्याच पुस्तकात वार्षिक गुणांकनाला त्यांनी उद्योगाला जडलेल्या जीवघेण्या रोगांमध्ये घातलं. आपल्या कारखान्यांत कायझेनचे तक्ते, क्वालिटी सर्कलचे फोटो भिंतीभर असतात. डेमिंग यांचं हे म्हणणं मात्र त्या भिंतींवर क्वचितच दिसतं.

भीती गेल्यावर काय होतं, याचं ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातलं. फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना बेशिस्त आणि वाईट गुणवत्तेसाठी बदनाम होता, १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश तेच, युनियनही तीच. पण आता प्रत्येकाला दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार मिळाला, आणि थांबवल्यावर टीम लीडर धावत येऊन ‘काय मदत करू’ असं विचारू लागला. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या बरोबरीला आली.

साहेब, शेठ आणि जात

परदेशातली सूत्रं जशीच्या तशी इथे लावता येत नाहीत, हेही तितकंच खरं. हॉफस्टेड यांच्या प्रसिद्ध पाहणीत सत्तेतलं अंतर मान्य करण्याच्या मोजमापावर भारताचा आकडा ७७ आहे. तो वरच्या टोकाकडचा. साहेबांना चूक दाखवणं आपल्याकडे उद्धटपणा ठरतो. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये या घडणीला साजेसा विचार मांडला. भारतीय कर्मचाऱ्याला वरिष्ठाकडून आपुलकी हवी असते. ती जरूर द्यावी, पण ती कामाशी बांधलेली असावी, आणि माणूस तयार होत जाईल तसं त्याला निर्णयात सामील करून घ्यावं. वाळूजच्या जुन्या युनिट्समध्ये असे शेठ आणि साहेब आहेत, जे कामगाराच्या मुलीच्या लग्नाला जातात आणि चुकीचा पीसही हातात ठेवतात. अडतं ते शेवटच्या पायरीवर. आपुलकी मिळते, कामाचा आग्रहही असतो, पण कामगाराचं मत विचारलं जात नाही.

याहून अवघड गोष्ट जातीची. विद्यापीठाच्या नामांतराचा सोळा वर्षांचा संघर्ष ज्या प्रदेशानं पाहिला, तिथल्या शॉप फ्लोअरवर आणि कचेरीत जात दाराबाहेर राहते असं समजणं भाबडेपणा आहे. एका जातीचा साहेब दुसऱ्या जातीच्या कर्मचाऱ्याला चूक सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात आधी एकच प्रश्न येतो : हे माझ्या कामाबद्दल आहे की माझ्याबद्दल? १८ जुलै २०१२ रोजी मानेसरच्या मारुती सुझुकी कारखान्यात सुपरवायझर आणि कामगार यांच्यातल्या वादापासून ठिणगी पडली आणि संध्याकाळी हिंसाचारात एका वरिष्ठ एचआर अधिकाऱ्याचा जीव गेला. सुपरवायझरनं जातिवाचक शब्द वापरला, असं युनियनचं म्हणणं होतं, तर कामगारानं सुपरवायझरला मारहाण केली, असं कंपनीचं. त्या सकाळी काय झालं याबद्दल दोन्ही बाजूंचं कधीच एकमत झालं नाही. विश्वास आधीच आटलेला असला की एका वाक्याचा अर्थ लावायलाही दोन छावण्या पडतात.

या कोंडीवरचं संशोधन अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या संदर्भात झालं आहे, पण ते आपल्याला थेट उपयोगी आहे. कोहेन, स्टील आणि रॉस यांनी १९९९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दिलेल्या टीकेचा परिणाम तपासला. नुसती टीका पूर्वग्रह वाटली. आधी कौतुक जोडल्यानंही पुरेसा फरक पडला नाही. दोन गोष्टी एकत्र सांगितल्यावर विश्वास बसला : कामाची पातळी उंच ठेवली आहे, आणि ती तू गाठू शकतोस असं मला वाटतं. मागास समाजातून आलेल्या कर्मचाऱ्याला ‘राहू दे, जमेल तेवढं कर’ म्हणणं ही दया नाही, तो अविश्वास आहे. ‘हे या पातळीचं व्हायला हवं, तू करशील, मी बरोबर आहे’ हा मान आहे.

बाईमाणसाच्या वाट्याला वेगळी अडचण येते. ‘तिला बोललो तर रडेल, तक्रार करेल’ या धास्तीनं साहेब तिला गुळमुळीत काहीतरी सांगतात. ‘छान चाललंय’ असं वर्षभर ऐकल्यावर बढतीच्या वेळी तिचं नाव नसतं. नेमकी चूक न सांगणं हाही अन्यायच.

आणि ज्यांच्यासाठी कुठलाच फॉर्म नाही ते कंत्राटी कामगार आणि ट्रेनी. रांजणगाव शेणपुंजी आणि बजाजनगरच्या खोल्यांमधून रोज कामाला जाणारी ही मुलं कंपनीच्या लाइनवर उभी असतात, पण ती असतात ठेकेदाराची. त्यांच्यासाठी फीडबॅक एकच : उद्यापासून येऊ नको. यांना चूक समजावून सांगायला पाच मिनिटं देणं हा विश्वास कमावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि सर्वांत जास्त टाळला जाणाराही.

दौलताबादची एक आख्यायिका

चूक शोधणं आणि माणूस घडवणं यांची सांगड कशी असावी, हे समजायला या शहरापासून दूर जावं लागत नाही. पैठणचे एकनाथ दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे शिकत असताना हिशेबाचं काम पाहत. एका पैचा हिशेब लागेना म्हणून ते रात्रभर जागले आणि चूक सापडताच आनंदानं टाळी वाजवून उठले, अशी आख्यायिका मराठवाड्यात घराघरांत सांगतात. तिच्यात कौतुक एकनाथांच्या चिकाटीचं असतं. मला त्यात जनार्दनस्वामीही तितकेच महत्त्वाचे वाटतात. ते शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांनी पैचा जाब विचारला नाही. एका पैसाठी लागलेली ही एकाग्रता मोठ्या ध्येयाकडे वळव, असं सांगितलं. स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर बोलणं, नेमक्या गुणावर बोट ठेवणं आणि पुढची दिशा दाखवणं, हे तिन्ही त्या एका प्रसंगात आहे. त्यात बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही.

गुण काढून टाकले तर?

फाइल वेगळी करायची म्हणजे अप्रेझलच बंद करायचं का? ॲडोबीनं २०१२ मध्ये वार्षिक मूल्यमापन बंद करून वर्षभर चालणाऱ्या संवादाची पद्धत आणली. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये कर्मचाऱ्यांची सक्तीची उतरंड सोडली. पण गुणांक गेला की पगार ठरवण्याचं काम जात नाही, ते साहेबाच्या डोक्यात शिरतं. कागदावर असलेला पक्षपात निदान दाखवता येतो, डोक्यातला दाखवता येत नाही. म्हणून गुणांक ठेवायचा की काढायचा हा मुख्य मुद्दा नाही. पगाराचा निर्णय कोणत्या निकषांवर झाला हे उघड असावं आणि तो सुधारणेच्या बोलण्यापासून दूर असावा, हा मुद्दा आहे.

यावर लहान युनिटचे मालक म्हणतील, आमच्याकडे चाळीस माणसं, एचआर नाही, तीन फायली कुठून आणू? फायली आणायची गरज नाही. गरज आहे ती तीन वेगळ्या वेळांची आणि तीन वेगळ्या वचनांची. सुधारणेचं बोलणं कामाच्या जागी, त्याच आठवड्यात, तुकडा हातात घेऊन व्हावं आणि त्यातलं काहीही पगाराच्या कागदावर जाणार नाही, हे मालकानं सांगावं आणि पाळावं. पगारवाढ वर्षातून एकदा, सर्वांना आधी माहीत असलेल्या निकषांवर, शक्यतो एकाहून जास्त जणांच्या मतानं ठरावी. शिस्तीची कारवाई चोरी, मारामारी, सुरक्षेचे नियम मुद्दाम मोडणं अशा गोष्टींपुरती असावी आणि ती करताना ‘हे तुझ्या सुधारणेसाठी’ असं म्हणू नये. शिक्षेला शिक्षा म्हणण्यातही प्रामाणिकपणा आहे.

सीएमआयए आणि मसिआ या इथल्या उद्योजकांच्या संघटना, इंडो-जर्मन टूल रूमसारखी प्रशिक्षण संस्था यांची या शहरात भक्कम परंपरा आहे. नव्यानं सुपरवायझर झालेल्या प्रत्येकाला मशीनच्या जोडीनं हेही शिकवलं जाईल, असा आग्रह त्यांनी धरावा. टोयोटासारखी कंपनी येताना लाइन थांबवायची दोरी घेऊन येईल. पण दोरी ओढणाऱ्याकडे साहेब कोणत्या चेहऱ्यानं धावत येतो, यावर ती ओढली जाणार की नाही हे ठरतं. आणि तो चेहरा पुरवठादार युनिट्समध्येही तसाच असावा लागतो, कारण बरेच दोष तिथेच जन्मतात.

सुरुवात मात्र साहेबानंच करायची आहे, कारण सत्ता त्याच्या हातात आहे. हाताखालच्या माणसाला त्याची चूक सांगण्याआधी त्याला विचारावं : मी केलेली कुठली गोष्ट तुझं काम अवघड करते? पहिल्या खेपेला उत्तर येणार नाही. दुसऱ्या खेपेला एखादी किरकोळ तक्रार येईल. ती त्याच आठवड्यात दूर केली, सांगणाऱ्याचं नाव कुठे घेतलं नाही आणि पुढच्या पगारवाढीत त्याचा वचपा काढला नाही, तर तिसऱ्या खेपेला खरं उत्तर येईल. ज्या दिवशी साहेबाला स्वतःबद्दलचं कटू सत्य हाताखालच्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं आणि त्या माणसाचं काही वाकडं होत नाही, त्या दिवसापासून साहेबाचं खरं बोलणंही ऐकलं जातं.